चार ओळींचं पुस्तक

प्रिय भाऊजी,

नात्याने वहिनी म्हणून आशीर्वाद द्यावेत, तर तुमचे केस माझ्याआधी पांढरे झाले. नमस्कार करावा, तर बाबा म्हणतील, दिराला कसला नमस्कार. म्हणून दोन्ही पाठवते आहे. मापात बसेल ते ठेवून घ्या, दुसरं परत करा (शिवणाच्या दुकानात काही वाया जात नाही). तुमची पाठ कशी आहे? दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याची आणि दिवसभर शिवणयंत्रावर वाकणारीची पाठ नेमकी एकाच ठिकाणी दुखते, हे मला या आठवड्यात समजलं, कारण या आठवड्यात मी दोन्ही केलं. इकडे सगळे बरे आहेत. तुमचे दादा बरे आहेत, म्हणजे त्यांचं कशाकडे लक्ष नाही. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण आवाज खणखणीत आहे, समोरच्या दुकानातल्या माणसाला विचारा. आणि मी? भाऊजी, बसला असाल तर उभे राहा. मला पायथन येतं!

हसू नका. चहा प्यायला असाल तर आधी गिळा आणि मग पुढचं वाचा. जिला फोनमधला गजर बंद करायला गिऱ्हाइकाची मदत लागत होती, त्या तुमच्या वहिनीने स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहिला, तो चालवला, आणि तो चालला. चालला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले, की दादांच्या हातातली मापाची पट्टी गिऱ्हाइकाच्या गळ्याला आवळली गेली. (गिऱ्हाईक सुखरूप आहे. सदऱ्याची कॉलर मात्र त्यांनी एक बोट सैल ठेवायला सांगितली आहे.)

हे सगळं घडलं बाबांच्या पुस्तकापायी. जन्मभर लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेल्या माणसाने आपल्या आठवणी आणि युक्त्या लिहून काढल्या, त्याही स्वतः टाइप करून, दोन बोटांनी. पुढच्या महिन्यात त्यांच्या जुन्या मेकॅनिक मंडळींचा मेळावा आहे, आणि तिथे छापील पुस्तक हातात घेऊनच जायचं असा त्यांचा हट्ट. हट्ट म्हणते खरी, पण मागच्या मेळाव्यात ज्यांना ज्यांना त्यांनी ‘पुढच्या वेळी पुस्तकच देतो’ म्हणून सांगितलं होतं, त्यांतली दोन माणसं आता नाहीत. तेव्हापासून बाबा टाळाटाळ करत नाहीत आणि आम्ही चेष्टा करत नाही. छापखानेवाल्यांनी बजावून ठेवलं होतं: शुक्रवारी दुकान बंद व्हायच्या आत फाइल आली पाहिजे, सोमवारी मशीन उघडून दुरुस्तीला घेणार, मग मेळावा झाल्यावरच भेटू. बाबा ऐटीत पेन ड्राइव्ह घेऊन गेले. छापखानेवाल्यांनी तो लावला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आजोबा, हे पुस्तक नाही. हा पत्त्यांचा जोड आहे.”

कारण प्रत्येक पानाची वेगळी फाइल! ‘लिफ्ट १’, ‘लिफ्ट २’, अशा शहाऐंशी. यामागे बाबांचं तत्त्वज्ञान आहे. त्यांच्या मते साधं टाइप केलेलं पान म्हणजे ओली माती, आणि पीडीएफ केलेलं पान म्हणजे भाजलेली वीट. पान लिहून झालं की लगेच भाजायचं, उद्यावर ठेवायचं नाही, न जाणो कोणी बोट उमटवेल. (नोकरीत असताना साहेबाने त्यांच्या अहवालातलं एक वाक्य परस्पर बदललं होतं, ते अजून विसरलेले नाहीत. साहेब केव्हाच विसरून, निवृत्त होऊन, बागकाम करत असतील.) आणि नुसती भाजून भागलं नाही, तर प्रत्येक विटेला कुलूप. होय, शहाऐंशीच्या शहाऐंशी फाइलींना पासवर्ड. तुम्ही लोकांनी जगाला पासवर्ड दिला, ठीक आहे, पण तो कोणाच्या हाती द्यायचा हे जरा बघायला हवं होतं.

तेव्हा मी तुम्हाला विचारलं, आणि तुमचं उत्तर आलं: ‘वहिनी, अगदी सोपं आहे. पायथनमध्ये पायपीडीएफ नावाची लायब्ररी आहे. चार ओळी लिहा, सगळी पानं जोडली जातील.’ भाऊजी, हे उत्तर मी जपून ठेवलं आहे. ‘चार ओळी’ हे शब्द तर कापड कापायच्या टेबलावर खडूने लिहून ठेवले आहेत. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना मीही असंच सांगत असते, की कोटाला काय, दोन बाह्या, एक पाठ, दोन पुढे आणि एक कॉलर. यापुढे नाही सांगणार.

लायब्ररी म्हटल्यावर मला कपाटं आणि खुर्च्या दिसल्या, पण ती एका ओळीत घरी आली. इतकी पटकन, की मला वाटलं काही तरी राहिलं. मग मी इंटरनेटवर एका सद्‌गृहस्थांचा धडा शोधला आणि तो अक्षरशः उतरवून काढला. चालवला तर लाल अक्षरांत ओरडा. दादा म्हणाले, “बिघडवलंस ना?” मी दम धरून तो ओरडा वाचला (शब्दकोश मांडीवर), आणि काय सांगू, तो ओरडा नव्हताच! त्यात इतकंच होतं, की बाई, तुम्ही हाक मारताय त्या नावाने मला आता कोणी ओळखत नाही, ते नाव बंद झालं, माझं नवीन नाव अमुक आहे, त्या नावाने हाक मारा. एवढ्या सौजन्याने चूक दाखवणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, आणि मी तुमच्या घरात पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहे. नवीन नाव घातलं आणि तो निमूट पुढे गेला. पुढे जाऊन म्हणाला, फाइलीला कुलूप आहे. आणि कुलूप उघडायला वेगळं सामान लागतं, ते आधी आणा. तेही आणलं. आता फक्त किल्ली हवी होती, आणि किल्ली होती बाबांच्या डोक्यात.

बाबा पासवर्ड सांगेनात! बँकेतल्या बाईंनी त्यांना सांगितलं आहे, पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, सख्ख्या मुलालासुद्धा नाही. मी म्हटलं, बाबा, मी सून आहे. तर म्हणाले, “सुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणजे ते ओघानेच आलं.” मग समजूत घातली, की बाबा, पुस्तक तुमचं, पानं तुमची, चोरण्यासारखं त्यात आहे काय? हे चुकलंच. चोरण्यासारखं काय काय आहे ते त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि तोवर दुपार सरली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की पासवर्ड ते स्वतः घालतील आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहीन. “पासवर्ड म्हणजे कवळी,” ते म्हणाले, “ज्याची त्याने वापरायची.”

पण प्रोग्राममध्ये पासवर्ड लिहायचा म्हणजे तो सगळ्यांना उघड दिसणार. मी पुन्हा शोधाशोध केली, तर यावरही उपाय! एक ओळ अशी आहे, की तिच्यापुढे काहीही टाइप करा, पडद्यावर काही म्हणता काही उमटत नाही. मी आनंदाने बाबांना बोलावलं, खुर्ची दिली आणि भिंतीकडे वळले. मागून कीबोर्डचे दोन-चार ठोके. मग शांतता. मग मोठे ठोके. मग बाबा म्हणाले, “अगं, हे मेलंय.” मी भिंतीला सांगितलं की मेलेलं नाही, दिसत नाही इतकंच. त्यांना पटलं नाही. त्यांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला, तळव्याने झोडपला (आतून खडूचा भुगा, दोऱ्याचे तुकडे आणि माझं केव्हाचं हरवलेलं चपटं बटण पडलं) आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं. अर्थात पासवर्ड चूक, कारण आधीचं अर्धं तिथे होतंच. मग ते सावकाश, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करू लागले. भाऊजी, मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे, दादा कानात बोटं घालावीत की नाही या विचारात आहेत, आणि पॅन्टची उंची द्यायला स्टुलावर उभे असलेले गृहस्थ तो पासवर्ड लक्ष देऊन ऐकत आहेत. पासवर्ड मी इथे लिहीत नाही. विश्वासाचा प्रश्न आहे. हवा असेल तर त्या गृहस्थांना विचारा.

कुलूप उघडलं! पहिलं पान आत आलं! आणि लगेच त्याने पुन्हा पासवर्ड मागितला. दुसऱ्या पानाला पुन्हा. झालं असं होतं, की पासवर्ड विचारायची ओळ मी चुकून फेऱ्याच्या आत (तिथल्या ओळी दर पानाला पुन्हा चालतात) टाकली होती, म्हणजे ती चार जागा उजवीकडे सरकली होती. चार जागा! पायथनला समास कळतो, भाऊजी, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, मी पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले असते. आमच्या धंद्यातही हेच. टीप चार दोरे आत गेली की खिशात हात जात नाही. बाबांना मात्र त्यात काही खटकलं नाही. प्रत्येक दाराला किल्ली लावायचीच असते, यात नवल काय, म्हणून ते तन्मयतेने पानामागून पान उघडत बसले होते. मी ओळ डावीकडे सरकवून आणली आणि म्हटलं, आता एकदाच. ते जरा हिरमुसले. त्यांचा हात नुकता बसला होता.

आणि पुस्तक जोडलं गेलं! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एक फाइल तयार. मी ओरडले (कॉलरचा प्रसंग तो हाच). बाबांना दाखवलं. ते चष्मा लावून वाचू लागले आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पहिल्या पानावर ते नोकरीला लागले. दुसऱ्या पानावर त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. कारण संगणकाने एकानंतर दहा घेतला होता, मग अकरा, बारा करत एकोणीस, आणि मग दोन. त्याच्या लेखी एकाने सुरू होणारे सगळे एका कुळातले. पडतात ते नवव्या पानावर, आणि नववं पान गेलं पार शेवटी. म्हणजे निवृत्त झाल्यावर, सत्कार झाल्यावर, हार काढून ठेवून बाबा शांतपणे लिफ्टच्या खड्ड्यात पडतात आणि पुस्तक संपतं. आईंचं म्हणाल, तर त्यांच्याशी विसाव्या पानावर लग्न आणि त्यानंतर तिसऱ्या पानावर पहिली भेट. मी कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, “यात चूक काय? आमचं असंच झालं होतं.”

तरी मी विचार केला, पुन्हा चालवून बघू, कधीकधी मशीनही दुसऱ्यांदा दोरा नीट धरतं. चालवलं, तर पुस्तक दुप्पट! तिसऱ्यांदा चालवलं, तिप्पट! तयार झालेलं पुस्तक मी त्याच फोल्डरमध्ये ठेवत होते, आणि माझा आज्ञाधारक प्रोग्राम फोल्डरमधली सगळी पीडीएफं जोडत होता. म्हणजे पुस्तकाच्या पोटात पुस्तक, त्याच्या पोटात आणखी एक, आणि प्रत्येकाच्या शेवटी बाबा खड्ड्यात. दादांनी तेवढ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “एवढं मोठं झालं का? मग दोन भागांत काढा.” ते त्यांचं साहित्याला एकमेव योगदान.

तयार पुस्तकाला वेगळ्या फोल्डरमध्ये बिऱ्हाड करून दिलं. मग क्रमाचं. इथे मला धाकधूक होती, कारण फाइलींच्या नावातले आकडे बाबांनी मराठीत घातलेले. मला वाटलं, याला काय कळणार आपला दहा. नावातला आकडा वेगळा काढला आणि घाबरत घाबरत म्हटलं, बाबा रे, याची संख्या कर. आणि भाऊजी, त्याने केली! त्याला आपले आकडे वाचता येतात! कोणी सांगितलं नाही, शिकवलं नाही, तरी ‘१०’ म्हणजे दहा हे त्याला ठाऊक. मी खुर्चीतून उठून दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले, कारण बसवेना. (मजकूर वाचायला सांगितला तर मात्र वेलांट्या एकीकडे, काने एकीकडे, असं उसवल्यासारखं काही तरी देतो. तो हट्ट मी सोडला. परक्याच्या घरी एकाच भेटीत किती मागायचं.)

मध्ये आकृत्यांचा एक अध्याय झाला. बाबांनी हाताने काढलेल्या आकृत्या आडव्या स्कॅन झाल्या होत्या. पान फिरवायला एकच शब्द आहे, तो मी लिहिला, पण पुन्हा फेऱ्याच्या आत, त्यामुळे सगळं पुस्तक आडवं झालं आणि बाबा मान वाकडी करून वाचू लागले. दुसऱ्यांदा फक्त आकृत्या फिरल्या, पण उलट्या बाजूला. “सूनबाई,” बाबा म्हणाले, “हिच्यात लोक छतावर उभे राहतील.” पण तोवर मला राग येईनासा झाला होता. चुकलं की कुठे चुकलं ते ऐकायचं, उसवायचं, पुन्हा घालायचं. हेच तर मी जन्मभर करते आहे, फक्त आजवर त्याला कोणी प्रोग्रामिंग म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सगळं जागेवर आलं. एक फाइल, पानं ओळीने, लिफ्टा उभ्या. बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मध्ये एकदा चष्मा पुसला, आणि मग दादा दुकानाबाहेर गेल्याचं पाहून हळूच म्हणाले, की एक्कावन्नावं पान काढून टाक. मी विचारलं, का? तर म्हणाले, “फार झालंय ते. काढ.” मी म्हटलं, बरं. त्यासाठीही प्रोग्राममध्ये एक ओळ असते, ती घातली, आणि पेन ड्राइव्ह घेऊन निघाले ते जवळजवळ धावतच. छापखानेवाले शटर अर्धं ओढून उभे होते. त्यांनी फाइल उघडली, पानं खाली सरकवली, आणि म्हणाले, “आता हे पुस्तक दिसतंय. कोणाकडून करून घेतलंत?” भाऊजी, या प्रश्नासाठी माणूस जगतं. मी म्हटलं, मीच केलं, पायथनमध्ये, चार ओळी आहेत.

(सदतीस आहेत. पण ते तुमच्यामाझ्यात.)

मेळावा पहिल्या रविवारी आहे. पुस्तकं आदल्या दिवशी मिळतील. बाबांनी आतापासून कोट इस्त्री करायला दिला आहे, दर दोन दिवसांनी परत देतात. तुम्ही कळवलंत की काम फार असल्यामुळे यायला जमणार नाही. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “त्याला कशाला त्रास.” आणि मग नुकताच इस्त्री होऊन आलेला कोट पुन्हा इस्त्रीला देऊन आले. असो. पाठीला जपा, मधूनमधून उठून चालत जा, आणि यापुढे कोणाला ‘चार ओळी’ म्हणून सांगू नका.

तुमची (आता थोडीशी तुमच्याच धंद्यातली)
वहिनी

ता. क. एक्कावन्नावं पान काढायला सांगितलं होतं, ते निघालं नाही. पायथन पानं शून्यापासून मोजतं. पहिलं पान त्याच्या हिशेबी शून्यावं. मी एक्कावन्न लिहिलं आणि गेलं बावन्नावं, म्हणजे बाबांची ‘हे वंगणा’ ही कविता. (नऊ कडवी. मी कोणालाही दोष देत नाही, लायब्ररीला तर नाहीच.) आता पुस्तक मशीनवर चढलं आहे, काही करता येत नाही.

आणखी ता. क. तुमचे दादा म्हणतात, शून्यापासून मोजतात हे मला आधीच माहीत होतं, कारण जेवताना मीच त्यांना ते मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं होतं. शिवाय ‘लिफ्ट ५१’ ही फाइल वगळून प्रोग्राम पुन्हा चालवला असता तरी भागलं असतं, असं तुम्ही म्हणाल. दोघेही फार बारीक बघता.

शेवटचा ता. क. त्या पानावर काय आहे ते सांगते, कारण ते तुम्ही भर मेळाव्यात पहिल्यांदा वाचावं असं मला वाटत नाही. बाबांनी लिहिलं आहे: ‘धाकट्याला मी एकदा म्हणालो होतो, खुर्चीत बसून कसलं काम होतं. ते मी चुकीचं बोललो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, आणि मग तो गावाला गेला. ते राहून गेलं म्हणून इथे लिहितो.’ एवढंच. बाकीचं पान कोरं आहे. रविवारी बाबा सगळ्यांना पुस्तक देतील, मग स्वतःचं उघडतील, कविता शोधतील, ती सापडणार नाही, आणि हे पान सापडेल. तेव्हा ते विचारतील की हे कसं झालं. मला नीट सांगता येणार नाही, मी नवशिकी. तेव्हा भाऊजी, तुम्ही या. शून्यापासून का मोजतात हे त्यांना तुम्हीच शेजारी खुर्ची ओढून समजावून सांगा. त्यांना लवकर पटणार नाही, वेळ लागेल. लागू द्या.